पोलिओच्या गुडघ्यासाठी ऑफसेट कॅलिपर : प्रकल्प नोंदी

साताऱ्यातल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये एका ताईंसाठी मांडीपासून पावलापर्यंतचा कॅलिपर, म्हणजे कमजोर पायाला बाहेरून आधार देणारा सांगाडा, केला, त्याच्या या नोंदी. नाव-गाव देत नाही, बाकी सगळं त्यांच्या परवानगीने लिहिलं आहे. कॅलिपरच्या कामात नव्याने उतरलेल्यांना आणि पोलिओ झालेल्या माणसाच्या घरच्यांना याचा उपयोग व्हावा.

१२ फेब्रुवारी २०२४ – तपासणी

ताई ५१ वर्षांच्या, जावळी तालुक्यातल्या एका डोंगराळ गावात अंगणवाडी सेविका. चौदाव्या महिन्यात पोलिओ झाला, डावा पाय गेला. लहानपणी कॅलिपर होता, लग्नाच्या सुमारास सुटला तो कायमचा. तेव्हापासून डावा हात मांडीवर रोवून चालतात. आता तक्रार अशी की गुडघा मागच्या बाजूने फार दुखतो आणि वर्षभरात तो दगा द्यायला लागलाय. उतारावर दोनदा पडल्या, एकदा मनगटावर निभावलं.

मांडीच्या पुढचा स्नायू जवळजवळ नाहीच, ताकद पाचपैकी १. नितंबाचा मोठा स्नायू ३, थोडा जास्तच. पोटरी २. घोटा पूर्ण वर येत नाही, पाऊल १० अंश खाली झुकलेलंच राहतं. डावा पाय अडीच सेंटीमीटर आखूड. आणि मुख्य गोष्ट म्हणजे उभं राहून वजन टाकलं की गुडघा २२ अंश मागे जातो.

हा मागे जाणारा गुडघाच आजवर ताईंना उभं करत आलाय. पुढचा स्नायू नसलेल्या पायावर वजन टाकायचं तर शरीराच्या वजनाची रेषा गुडघ्याच्या पुढून जावी लागते. ती मागून गेली की गुडघा दुमडलाच. गुडघा मागे झुकवून ताई ती रेषा पुढे आणतात, झुकलेलं पाऊल त्याला मदत करतं आणि उरलेलं काम हात करतो. कॅलिपर सुटल्यापासूनची सगळी वर्षं या जोरावर निघाली, पण तेवढा काळ गुडघ्याच्या मागची बंधनं ताणली गेली. म्हणून दुखतंय.

मोबाइलवर बाजूने चित्रीकरण केलं. १० मीटर चालायला १७ सेकंद, हात पूर्ण वेळ मांडीवर. नवं काम करणाऱ्यांनी हे चित्रीकरण पहिल्याच दिवशी करून ठेवावं. नंतर कॅलिपरने काय बदललं आणि काय नाही, ते याच्याशी ताडून पाहता येतं.

१९ फेब्रुवारी – जुना कॅलिपर आणि निर्णय

मुलगी माळ्यावरून जुना कॅलिपर घेऊन आली. पोलादी पट्ट्या, कातडी पट्टे, खाली बूट. वजन केलं : २ किलो ७०० ग्रॅम, तोही अकरा-बारा वर्षांच्या मुलीच्या मापाचा. आमच्या मिस्त्रींनी गुडघ्याच्या कड्या अंगठ्याने फिरवून पाहिल्या. सगळा सांगाडा गंजलेला, पण बाहेरच्या बाजूची कडी आतून झिजून गुळगुळीत झालेली. ही कडी खाली सरकवली की गुडघा सरळ अडकतो, वर ओढली की बसता येतं. मिस्त्री म्हणाले, “पोरगी दिवसातून किती वेळा खाली बसली असेल बघा.” ताई म्हणाल्या, शाळेत सगळे मांडी घालून बसायचे, मीच एकटी पाय पसरून.

कडीच्या कॅलिपरने माणूस पडत नाही, ही त्याची मोठी बाजू. पण साधारण चालीत पाय पुढे टाकताना गुडघा ६० अंशांपर्यंत दुमडतो आणि त्यामुळेच पाऊल जमिनीला न घासता पुढे जातं. गुडघा बांधून टाकला की पाय लांब पडतो. मग माणूस एक तर कंबर उचलतो, नाही तर पाय बाहेरून फिरवून आणतो, नाही तर चांगल्या पायाच्या चवड्यावर उचलला जातो. तिन्हींत दमणूक होते आणि कंबर जाते. ताईंना मुलांसोबत जमिनीवर बसावं लागतं, उठावं लागतं, उंबरे ओलांडावे लागतात. बंद गुडघा त्या पुन्हा माळ्यावर टाकतील हे उघड होतं.

पाय टेकला की आपोआप अडकणारे आणि उचलला की सुटणारे जॉइंट मिळतात, पण त्यांची किंमत लाखांत जाते. म्हणून ऑफसेट जॉइंट ठरवला. त्याची बिजागरी पट्टीच्या रेषेच्या मागे असते, त्यामुळे उभं असताना वजनाची रेषा आपसूक बिजागरीच्या पुढून जाते आणि गुडघा मोकळा असूनही सरळ राहतो. यासाठी तीन गोष्टी हव्यात : गुडघा पूर्ण सरळ होणारा, नितंबाचा स्नायू निदान ३ आणि पायाच्या स्नायूंत ताठरपणा नको. ताईंकडे तिन्ही आहेत. ज्यांचा गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडलाय त्यांनी या वाटेला जाऊ नये. रेषा पुढे येणारच नाही आणि माणूस तोंडावर पडेल.

जॉइंट घेताना कडीची सोय असलेलाच घेतला. जोडीला ४,२०० रुपये. बिनकडीचा स्वस्त होता, पण गावचा उतार डोक्यात होता.

२६ फेब्रुवारी – पहिला साचा, वाया

ताईंना झोपवून प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या. आधी न पुसणाऱ्या पेन्सिलीने घोट्याची हाडं, नडगीच्या बाहेरच्या हाडाचं डोकं, गुडघ्याची फट आणि मांडीच्या आतल्या बाजूचा हाडाचा उंचवटा यांवर खुणा केल्या. या खुणा प्लास्टरवर आतून उमटतात आणि पुढचं सगळं काम त्यांच्यावरच चालतं.

पाऊल नेहमीच्या रीतीने काटकोनात दाबून धरलं होतं. साचा कापून आत पाहिलं तेव्हा भानगड कळली. पाऊल काटकोनात दिसत होतं, पण घोटा जागचा हललाच नव्हता. जोर पावलाच्या मध्यावर आला होता आणि तिथेच पाऊल मोडल्यासारखं वर वाकलं होतं. टाच साच्याच्या तळापासून सुटलेली. असा कॅलिपर घातला तर कमानीखाली फोड येतो आणि टाच कधीच बसत नाही. साचा टाकून दिला. सहाशे रुपयांचं सामान आणि ताईंचा एका दिवसाचा प्रवास फुकट गेला.

४ मार्च – दुसरा साचा

या वेळी पाऊल त्याच्या स्वतःच्या कोनातच ठेवलं, १० अंश खाली. टाचेखाली लाकडी पाचर दिली आणि ताईंना स्टुलावर बसवून थोडं वजन पावलावर घेतलं. टाच पाचरीवर नीट टेकली, कमान जागेवर राहिली. पाचरीची उंची २ सेंटीमीटरच्या वर भरली. आखूड पायाचीही बरीच भरपाई त्यातच झाली. ज्यांचं पाऊल झुकलेलं आहे आणि पायही आखूड आहे, त्यांच्या बुटाला वेगळी उंची देण्याआधी हे पाहून घ्यावं.

११ ते १४ मार्च – कवच आणि जॉइंट

साच्यात प्लास्टर ओतून पाय तयार केला. नडगीच्या बाहेरच्या हाडाच्या डोक्यावर ६ मिलिमीटर भर घातली, कारण तिथून नस जाते आणि ती दाबली गेली तर पावलाची उरलीसुरली ताकदही जाते. घोट्यांवर थोडी कमी. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची ५ मिलिमीटर शीट भट्टीत पारदर्शक होईपर्यंत तापवून ओढली. मांडीचं कवच वेगळं, पोटरी ते पाऊल एकसंध.

वेळ गेला तो जॉइंट बसवण्यात. माणसाचा गुडघा एका ठिकाणी फिरत नाही, वाकताना त्याचा मध्य सरकत जातो. बिजागरी मात्र एकाच ठिकाणी फिरते. त्यामुळे तडजोडीची जागा शोधावी लागते : गुडघ्याची फट आणि वरचा हाडाचा उंचवटा यांच्या मधोमध, आणि पुढून मागे मोजलं तर अर्ध्याच्या जरा मागे. आम्ही पहिल्यांदा बसवला तो फटीच्या पातळीवर, म्हणजे एक सेंटीमीटरभर खाली. उभं राहिल्यावर काही कळलं नाही. ताई खुर्चीत बसल्या आणि पोटरीच्या कवचाची वरची कड मांसात रुतली, वर मांडीच्या कवचाचा काठ जांघेत टोचला. हे कागदावर काढून पाहता येतं. बिजागरी एक सेंटीमीटर खाली असेल तर काटकोनात बसल्यावर खालचं कवच पायावर एक सेंटीमीटर वर सरकतं आणि तेवढंच पोटरीत घुसतं. भोकं बुजवून जॉइंट वर घेतला, त्रास गेला.

आतली आणि बाहेरची बिजागरी एका रेषेत हवी. दोन बिजागऱ्या सरळ रेषेत नसलेलं फाटक जसं अडून उघडतं, तसाच गुडघा अडतो आणि रिव्हेट सैल होत जातात. मिस्त्री दोन्ही बिजागरींतून एक सरळ सळई ओवतात आणि मगच जॉइंटच्या धातूच्या पट्ट्या वाकवतात. हा त्यांचा जुन्या कातडी कामातला शिरस्ता आहे. सळई दोन्हीकडून सहज जाईपर्यंत रिव्हेट मारू नयेत.

२० मार्च – पहिलं उभं राहणं, गुडघा दुमडला

दोन दांड्यांच्या मध्ये ताईंना उभं केलं. पट्ट्या सरळ होत्या, म्हणजे गुडघा शून्य अंशावर अडत होता. पुस्तकी दृष्टीने २२ अंश मागे जाणारा गुडघा आता सरळ झाला होता. ताईंनी वजन टाकलं आणि गुडघा खाडकन पुढे दुमडला. दांड्या हातात होत्या म्हणून लागलं नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

वर्कशॉपच्या तुळईवरून ओळंबा सोडला आणि ताईंना बाजूने पाहिलं. कंबरेच्या सांध्यापासून दोरी खाली आली ती थेट बिजागरीवर, कधी बोटभर मागे. टाचेखाली पाचर असल्याने नडगी हवी त्यापेक्षा पुढे आलेली. त्यात गुडघा मागे जायला बंदी. मग शरीर रेषा पुढे आणणार तरी कुठून? इतकी वर्षं ज्याच्या आधारावर ताई उभ्या राहिल्या, ते आम्ही एका झटक्यात काढून घेतलं होतं.

२७ मार्च – दोन ठिकाणी कोन बदलला

दहा वर्षांपूर्वी याच तारखेला, २७ मार्च २०१४ ला, भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावडा जिल्ह्यातली लहान मुलगी. हा केवढा मोठा विजय आहे ते पोलिओचं वर्कशॉप चालवणाऱ्याला विचारावं. लहान मुलांच्या मापाचे जॉइंट आमच्याकडे आता कपाटात पडून आहेत, आणि ते तसेच पडून राहोत. पण ताईंच्या पिढीचे लोक आता पन्नाशी-साठीत आलेत. इतकी वर्षं ओढत आणलेले सांधे आणि स्नायू त्यांना याच वयात सोडून जाऊ लागतात आणि त्यांच्यासाठी हे काम येणारे हात कमी होत चाललेत. या नोंदी इतक्या तपशिलाने लिहायचं कारण तेच.

आजचं काम. पहिला बदल पट्ट्यांमध्ये : वाकवणीने दोन्ही पट्ट्यांना ६ अंश मागचा बाक दिला. २२ अंश दुखवत होता, शून्य अंश पाडत होता. ६ ते ८ अंशांत रेषा पुढे राहते आणि मागच्या बंधनांवर ताण येत नाही. साचा नव्याने घ्यावा लागला नाही, कारण दोन कवचांमधला कोन फक्त पट्ट्यांमध्ये असतो.

दुसरा बदल टाचेखाली. ताईंच्या टाचेपासून चवड्यापर्यंत अंतर १६ सेंटीमीटर. त्या हिशेबाने टाचेखालचे ३ मिलिमीटर म्हणजे नडगीचा साधारण १ अंश. कवचाखालच्या पाचरीतून थोडं थोडं घासत एकूण १५ मिलिमीटर कमी केलं, नडगी ५ अंशांनी मागे आली. दर वेळी ओळंबा पाहायचा, दर वेळी वजन टाकून पाहायचं. शेवटी दोरी बिजागरीच्या तीन बोटं पुढून जाऊ लागली.

ताईंनी दांड्या सोडल्या. डावा हात सवयीने मांडीकडे गेला आणि तिथे प्लास्टिक लागलं. हात तसाच मांडीजवळ थोडा वेळ घुटमळला, मग त्यांनी पदर नीट केला.

या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणून सांगतो. गुडघा सांभाळायचा असेल तर आधी टाच पाहावी. कॅलिपरचा गुडघा कितीही भारी असला तरी टाचेखालचे पाच-सात मिलिमीटर त्याला उभं करतात किंवा पाडतात.

५ एप्रिल – चालताना नव्या अडचणी

उभं राहणं जमलं, चालणं वेगळंच निघालं.

टाच टेकताच गुडघा पुढे झटका घ्यायचा. घोटा कवचात पक्का असल्याने टाच टेकल्यावर पाऊल सावकाश खाली येऊ शकत नाही, सगळं कवचच पुढे ढकललं जातं. उपाय : तळाला टाचेच्या जागी मऊ ईव्हीए (फोमसारखा थर) लावला आणि मागची कड तिरपी घासली. टाच टेकताना तो दबतो, झटका निम्म्याहून कमी झाला.

पाऊल मागे पडताना, म्हणजे वजन चवड्यावर येताना, गुडघा सैल वाटायचा. पायतळाचं प्लास्टिक चपलेत मावावं म्हणून चवड्याच्या मागे कापलं होतं. तरफ आखूड पडली. बोटांपर्यंत नवा तुकडा जोडला. मग उलट त्रास, पाऊल पुढे लोळेना. चवड्याखाली रबराला गोलाई दिली तेव्हा जमलं.

तिसरी अडचण सगळ्यात चिवट होती. पाय पुढे झुलवल्यावर नडगी पूर्ण सरळ व्हायच्या आतच टाच टेकायची, विशेषतः ताई घाईत असल्या की. अर्धवट वाकलेल्या गुडघ्यावर वजन आलं की ऑफसेटचा काही उपयोग नाही. गुडघ्याच्या पुढून दोन बोटं रुंदीचा इलॅस्टिक पट्टा लावला, तो नडगी पुढे ओढतो. चालणं लगेच सुधारलं. बसल्यावर मात्र तोच पट्टा पाय सरळ ओढायचा, ताईंना पाय धरून ठेवावा लागायचा. म्हणून वरच्या टोकाला हुक दिला. बसताना काढायचा, उठताना अडकवायचा.

पट्ट्याबरोबर सवयही लावावी लागली. पाऊल लहान टाकायचं आणि टाच टेकण्याआधी क्षणभर थांबायचं. हे शिकवण्यात जितका वेळ गेला तितका धातूकामात गेला नाही. फिजिओथेरपीच्या मॅडमनी नितंबाच्या स्नायूचे व्यायाम दिले, ते रोजचे. गुडघा सरळ ठेवण्याचं अर्धं काम तोच स्नायू मांडी मागे खेचून करतो.

१५ एप्रिल – चप्पल

पाडव्याच्या सुट्टीनंतर ताई आल्या त्या नव्या सँडलमध्ये, टाच उंच. दारातच गुडघा डगमगला. कारण उघड होतं, टाच वाढली की नडगी पुढे कलते. बहुतेक कॅलिपर बूट घालून जुळवले जातात. आपल्याकडे घरात, अंगणवाडीत, देवळात चप्पल काढावी लागते, आणि चप्पल काढली की इतक्या मेहनतीने जुळवलेला कोन बिघडतो.

म्हणून आमचा कॅलिपर आधीपासून अनवाणी जुळवलेला आहे. पाचर कवचालाच चिकटवलेली आहे, तळाला मायक्रोसेल्युलर (बारीक छिद्रांचं) रबर आहे. बाहेर जाताना वर सँडल चढवायची ती टाच आणि चवडा सारख्याच जाडीची. अशी सँडल बाजारात मिळेना. शेवटी साध्या पुरुषी सँडलची जोडी ९५० रुपयांना घेतली, आमच्या मोची काकांनी टाचेचा थर काढून तळ सपाट केला, पट्टे वाढवून दिले, २५० रुपये. उजव्या सँडलला तेवढीच जाडी ठेवायला विसरू नये.

२३ एप्रिल – कातडी

घरी वापर सुरू झाला. आधी दिवसाला तासभर, मग वाढवत. नियम असा : काढल्यावर कुठेही लाल दिसलं तर अर्धा तास थांबून पाहायचं. लाली गेली तर चालेल, राहिली तर कॅलिपर घालू नये आणि दाखवायला यावं. ताईंच्या आतल्या घोट्यावर राहत होती. हीट गनने ती जागा तापवून बाहेर ढकलली. पोलिओत स्पर्श शाबूत असतो, त्यामुळे ताई नेमकी जागा बोटाने दाखवतात. मधुमेहात बधिर झालेल्या पायाला हा आधार नसतो, तिथे रोज आरशाने पाहणं आलंच.

आत सुती लांब मोजा. नायलॉनचा घालू नये, उन्हाळ्यात घामाने पाय भाजल्यासारखा होतो.

९ मे – निवडणूक ड्यूटी

७ मे ला साताऱ्यात लोकसभेचं मतदान झालं. ताईंची केंद्रावर मदतनीस म्हणून ड्यूटी, पहाटेपासून संध्याकाळपर्यंत कॅलिपर पायात. पाय टिकला. पण बाहेरच्या बिजागरीचा स्क्रू सैल झाला आणि परत येताना एसटीच्या पायरीवर गुडघा बाजूला लचकला. कंडक्टरनी दंड धरला म्हणून बऱ्याच थोडक्यात भागलं.

स्क्रू काढून पाहिला, आटे शाबूत होते, फक्त थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचं चिकट द्रव्य) लावलेलं नव्हतं. आता दोन्हींना लावलं. स्क्रूच्या डोक्यावर आणि पट्टीवर मिळून नेलपॉलिशची एक आडवी रेघ ओढली आहे. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. ही रेघ ताईंची मुलगी रोज सकाळी पाहते.

१४ जून – पाऊस

जावळीत पाऊस लागला. ओल्या शेणसारवल्या जमिनीवर तळाचं रबर पकडतं, पण अंगणवाडीच्या गुळगुळीत फरशीवर सरकतं. रबरावर गरम सळईने आडव्या खाचा पाडल्या. चिखल बिजागरीत जातो, म्हणून संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून तेलाचा एक थेंब. जास्त तेल घातलं तर त्यावर माती बसते आणि तिचीच कानस होते.

१९ जुलै – उतार

या कॅलिपरची मर्यादा इथे आहे. चढावर पाऊल वर उचललेलं राहतं, नडगी मागे रेलते, गुडघा आपोआप सरळ राहतो. उतारावर नेमकं उलटं. जमीन पुढे झुकलेली, घोटा पक्का, म्हणून नडगी पुढे कलते आणि रेषा बिजागरीच्या मागे जाते. घरापासून रस्त्यापर्यंत ताईंना उतार आहे आणि त्यावर आता शेवाळ.

कडी ठेवली होती ती इथे कामाला आली. उताराच्या तोंडाशी थांबायचं, बाहेरची कडी खाली सरकवायची, आतली तपासायची, उजव्या हातात काठी आणि बंद गुडघ्याने उतरायचं. खाली सपाटीवर आल्यावर कडी वर. ताईंना सुरुवातीला हे कमीपणाचं वाटलं, पुन्हा लहानपणीचा कॅलिपर आल्यासारखं. मी आग्रह धरला. ओल्या उतारावर मोकळा गुडघा मी कुणालाही देणार नाही.

मांडी घालून बसणं होत नाही. गुडघा ११० अंशांपर्यंत दुमडतो, त्यापुढे दोन्ही कवचं एकमेकांना भिडतात. मांडीच्या कवचाचा मागचा खालचा काठ कापून थोडं वाढवता येईल, पण मग तिथला आधार कमी होतो. सध्या ताई मुलांसोबत एक वीत उंचीच्या पाटावर बसतात. खाली बसायच्या शौचालयात कॅलिपर काढावा लागतो, म्हणून घरी कमोडची खुर्ची घेतली.

१८ ऑगस्ट – मोजमाप आणि हिशेब

१० मीटरला आता १४ सेकंद. एप्रिलच्या सुरुवातीला हेच २१ होते, हात मांडीवर असतानाच्या १७ पेक्षाही वाईट. तेव्हा ताई म्हणाल्या होत्या की सर, याच्यापेक्षा माझा हातच बरा होता. पहिल्या महिन्याचा आकडा पाहून कुणी कॅलिपर सोडू नये. पण वेगापेक्षा मला दुसरं मोठं वाटतं. चालताना दोन्ही हात मोकळे आहेत, खिचडीचं पातेलं स्वतः उचलून नेता येतं. गुडघ्यामागचं दुखणं संध्याकाळपुरतं उरलंय. मार्चपासून घरी एकदाही पडल्या नाहीत.

कॅलिपरचं वजन १ किलो ४२० ग्रॅम.

खर्च : जॉइंट ४,२००, शीट १,४००, दोन्ही साच्यांचं प्लास्टर आणि स्टॉकिनेट (प्लास्टरखाली घालायचं विणलेलं कापड) १,३००, पट्टे-पॅडिंग-रिव्हेट ८५०, ईव्हीए आणि रबर ४००, सँडल आणि मोचीकाम १,२००. एकूण ९,३५० रुपये, मजुरी वेगळी. पहिला साचा नीट निघाला असता तर सहाशे वाचले असते.

बाकी कामं. टाचेचा ईव्हीए दबून ३ मिलिमीटर बसलाय, म्हणजे नडगीचा कोन एका अंशाने सरकलाय आणि ताईंना तो कळतोय. गुडघा मागच्या अडणीवर जोरात आपटतो म्हणतात. गणपतीनंतर तो बदलायचा, या वेळी जरा कडक घनतेचा. इलॅस्टिक पट्टा सैल झालाय, दोन जास्तीचे शिवून द्यायचे. उजव्या गुडघ्याचा एक्स-रे काढायला सांगितलं आहे. पन्नास वर्षं दुप्पट काम त्यानेच केलंय आणि जिना चढताना तो आता कुरकुरतो.